चौदा किलो आणि वाटीभर बर्फ

दै महिना, १

वजन अठ्ठ्याऐंशी किलो. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे खोटं लिहायची सोय राहणार नाही.

वही तरानेची, गणिताची, अर्धी कोरी राहिलेली. लेक म्हणाली, "आई, तू डायरी लिहिणार? तू तर बाजाराची यादीसुद्धा लिहीत नाहीस." म्हटलं, यादी विसरले तर फार तर हळद राहील. हे विसरून चालायचं नाही.

नवरोजच्या आत, म्हणजे येत्या तीन महिन्यांत, वर्षाचा शेवटचा महिना इस्फंद संपायच्या आत, मला चौदा किलो उतरवायचे आहेत. काटा चौऱ्याहत्तरवर आला की हमदानच्या डॉक्टरबाई माझी एक किडनी काढून अरदेशीरदादाला बसवतील. रक्तगट जुळला, बाकीचंही सगळं जुळलं. अडलंय ते माझ्या पोटापाशी.

डॉक्टरबाईंचा निरोप दादानेच आणला. तपासण्या झाल्या त्या दिवशी तरानेला ताप होता, म्हणून मी आधीच्या मिनीबसने मलायेरला परत आले आणि दादा बाईंना भेटायला मागे थांबला. संध्याकाळी आला तो उंबऱ्यातच उभा राहिला. "चौदा किलो सांगितलेत, फरंगीस. नवरोजच्या आधी. नाहीतर नाही." आणि वर म्हणाला, "नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नकोस हं. मशीन आहेच की." त्या डायलिसिसच्या मशीनला तो आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास बांधलेला असतो.

अठराव्या वर्षापासून मी जेवढे डाएट धरले ते सगळे गुरुवारी दुपारपर्यंत टिकले, कारण शुक्रवारी कोणाकडे तरी जेवण असतंच. दादाला हे माझ्याइतकंच ठाऊक आहे. त्याच्या डोळ्यांत मला तेव्हा कीव दिसली. तीच मला झोंबली.

दै, ४

आज काही खाण्यासारखं नाही, तर निदान लिहावं.

आमच्यात कोणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. चहा असो, जेवण असो, गालिचा असो. पहिल्या खेपेला हो म्हणणारा हावरा, आणि तिसऱ्या खेपेलाही नको म्हणणारा देणाऱ्याचा अपमान करणारा. हे आम्हाला कोणी शिकवत नाही, आईच्या दुधातूनच येतं.

मी किडनी पहिल्यांदा देऊ केली ती दोन महिन्यांपूर्वी, आबानमध्ये, मावशीकडच्या शुक्रवारच्या जेवणाला, सगळ्या गोतावळ्यासमोर. भात वाढता वाढता बोलून गेले. सगळ्यांचे चमचे थांबले. दादा हसला. "असू दे तुझी तुझ्यापाशी. तुलाच शोभते." दुसऱ्यांदा दवाखान्यात, तो मशीनवर असताना. "नको, फरंगीस." तिसऱ्यांदा त्याच्या घरी, आणि तेव्हा मी रडले. मग म्हणाला, "बरं. तुझा पुढे आलेला हात मी कसा मागे लोटू?"

मला एवढं हायसं वाटलं की घरी येऊन दोन ताटं भात खाल्ला.

आई पोटाच्या ऑपरेशनला गेली ती परत आलीच नाही. मी सहा वर्षांची होते, दादा चौदाचा. त्यानंतर माझ्या वेण्या त्यानेच घातल्या. शाळेत मी सातवीपर्यंत एक वेणी वर आणि एक खाली अशीच फिरले. त्याने स्वतः लग्न केलं नाही, द्राक्षांची काकवी करण्याच्या कढयांपाशी आयुष्य काढलं. अशा माणसाला एक किडनी द्यायची म्हणजे काय मोठंसं!

दै, ९

पहिला बर्फ पडला. पहिला बर्फ आमच्याकडे खात नाहीत, तो आकाशातली धूळ घेऊन येतो. दुसराही सोडून देतात. तिसऱ्या बर्फापासून माणसं वाट्या घेऊन गच्चीवर जातात आणि वर काकवी ओतून खातात.

शेजारच्या एशरत खानम आल्या आणि त्यांनी माझं वजन स्वतःच्या अंगावर घेतलं. म्हणजे तसं झालं असतं तर बरंच होतं. त्यांच्या मते जगातला प्रत्येक पदार्थ एकतर गरम नाहीतर थंड, आणि माझी चरबी थंड.

"सकाळी जिरं नि लिंबू. दुपारी सफरचंदाचा सिरका, दोन चमचे. रात्री काही नाही."

"आणि मधे?"

"मधे कडक चहा. चहा भूक मारतो. पोटाला प्लॅस्टिक गुंडाळ. माझ्या नणंदेने गुंडाळलं होतं, तीन महिन्यांत कंबर दिसायला लागली."

"आता कशा आहेत त्या?"

"आता पुन्हा दिसत नाही," एशरत खानम म्हणाल्या, "पण दिसली होती ना!"

संध्याकाळी दादाने दोन डबे बासलूक पाठवले. अक्रोड घातलेले, मऊ, त्याच्याच काकवीचे. डबे आणणाऱ्याला म्हटलं, याला काही कळतं का? मग डबा उघडून नुसता वास घेतला. मग तीन खाल्ले.

दै, १६

साडेशहाऐंशी. दुसरा बर्फ.

दादाने जेवायला बोलावलं होतं. मटणाचं आबगुश्त केलं होतं, दुंब्या मेंढ्याची चरबी घालून, वर तरंगणारी. त्याला स्वतःला त्यातलं काहीच चालत नाही. तो मला वाढत होता आणि मी नको म्हणत होते, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा त्याने वाडगा हातातच दिला. मी खाल्लं. खाताना तो माझ्याकडे एवढ्या मायेने बघत होता की मला घासच उतरेना, तरी उतरवला. आजारपणात माणसाला दुसऱ्याला खाताना बघून समाधान वाटत असेल. पण आपलं भलं कशात आहे हे त्याला कळू नये?

घरी आल्यावर ठरवलं: मांस बंद. भात बंद. कोणाकडे जेवण बंद. नवऱ्याला, नूरुल्लाला, सांगितलं, शुक्रवारी तुम्ही एकटे जा आणि सांगा फरंगीस आजारी आहे. ते म्हणाले, "खोटं का सांगू?" म्हटलं, मग सांगा तिला भूक लागलीय.

दै, २४

तिसरा बर्फ, गुडघाभर.

केस कापायला गेले होते तिथे एका बाईने सांगितलं की बर्फ खाल्ल्याने चरबी जळते. कारण बर्फ पोटात वितळवायला शरीराला उष्णता लागते, आणि उष्णता येते चरबीतून. ऐकताना मला ते इतकं सरळ वाटलं की आजवर कोणाला सुचलं कसं नाही याचंच नवल वाटलं. अर्थात काकवीशिवाय. एशरत खानमना सांगितलं तर त्यांनी छाती बडवली. "काकवीशिवाय बर्फ! गरमाशिवाय थंड! मरशील, बये!"

गच्चीवरून मोठी वाटी भरून आणली. पहिला चमचा जिवावर आला. तिसऱ्यानंतर थांबवेना. दातांखाली कुरकुरतो, जिभेवर नाहीसा होतो, आणि डोकं कसं लख्ख होतं.

तेवढ्यात दादा आला. मी वाटी लपवायला हवी होती. त्याला दिवसाला तीन पेले पाणी, चहा-आमटी सगळं धरून. काकवी तर विषच. तो समोर बसला आणि वाटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एक चमचा दे."

दिला. त्याने तोंडात धरला आणि डोळे मिटून घेतले. गिळेपर्यंत खूप वेळ गेला. चमचा परत देताना म्हणाला, "मोजला पाहिजे हा." मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिथे रडले, आणि रडत रडत उरलेला बर्फ खाल्ला. लाज वाटते लिहायला, पण तसंच झालं.

बहमन महिना, २

चौऱ्याऐंशी!

तराने कागद घेऊन आली. "आई, गणित केलंय. एक किलो बर्फ वितळवून अंगाएवढा गरम करायला शरीराला जेवढं जाळावं लागतं, त्यावरून तुझी एक किलो चरबी जाळायला सहासष्ट किलो बर्फ खावा लागेल."

"सहासष्ट?"

"चौदा किलोंना नऊशे चोवीस. आपल्या गच्चीवर तेवढा नाही. एशरत खानमची गच्ची धरली तर होईल."

"मग माझं वजन कशाने उतरतंय?"

"तू जेवत नाहीस म्हणून, आई."

ती हसत नव्हती. सतरा वर्षांची पोर, मला भाकरी खा म्हणून मागे लागली होती. म्हटलं, मामासाठी आहे ना. ती म्हणाली, "मामाने सांगितलंय का उपाशी राहा म्हणून?" मामाने नाही सांगितलं, डॉक्टरबाईंनी सांगितलं. उगाच वाद कशाला.

बहमन, ११

एक्याऐंशी. सात उतरले, सात राहिले. निम्मी वाट संपली!

दवाखान्यात दादाच्या खुर्चीपाशी जाऊन सांगितलं. शेजारच्या खुर्चीतले काझमकाका टाळ्या वाजवायला लागले, नळ्या लावलेल्या हातानेच. नर्स ओरडली. दादाचा चेहरा मात्र उतरला. "सात?" एवढंच म्हणाला. मग छताकडे बघत पडून राहिला. मशीनचा थकवा असतो, बोलायलाही जीव नसतो. मी त्याच्या पायांवर पांघरूण घातलं.

निघताना म्हणाला, "फरंगीस, आता थोडं सावकाश घे." हे म्हणजे पाहुण्याने ताट पुसून खाल्ल्यावर पोट भरलं म्हणण्यासारखं. मी हसले.

बहमन, १९

यावेळची पाळी नऊ दिवस चालली. गेल्या खेपेलाही आठ होते. एशरत खानम म्हणतात, या वयात अंगातली साचलेली उष्णता बाहेर पडते, चांगलंच आहे, बाई हलकी होते. हलकी तर झालेच आहे. मात्र जिना चढताना मधे दोनदा थांबावं लागतं. एवढ्या वर्षांची चरबी गेली की पायांना सवय व्हायला वेळ लागत असेल.

दिवसाला पाच वाट्या बर्फ. चहा दहा पेले, काळा.

बहमन, २८

अठ्ठ्याहत्तर.

अंगणातला बर्फ काळवंडला म्हणून फ्रीजरमधला खरवडते. नूरुल्ला म्हणाले, "काय गं, घरात घूस शिरलीय का? सारखं कुरकुर कुरकुर ऐकू येतंय." म्हटलं, मीच आहे. ते बघत राहिले. "फरंगीस, तुझा रंग आपल्या भिंतीसारखा झालाय." कौतुक असं करतात का?

खरं सांगायचं तर आता बर्फ मी डाएटसाठी खात नाही. सकाळी जाग येते ती त्याच्या आठवणीने. गिऱ्हाइकाच्या सोफ्याचं कापड कापताना कात्री खाली ठेवून स्वयंपाकघरात जाते. काल दुकानात माशांच्या पेटीतला बर्फ दिसला आणि क्षणभर मनात आलं... असो. हे कोणाला सांगायचं नाही. शरीराला चांगल्या गोष्टीची गोडी लागली आहे असं समजते.

नखं वाकायला लागली आहेत, चमच्यासारखी. त्यात पाण्याचा थेंब ठेवला तर राहतो. तरानेला गंमत म्हणून दाखवलं तर तिने माझा हात सोडून दिला आणि खोलीत निघून गेली.

इस्फंद महिना, ६

दादा आला होता. बराच वेळ बसला. काहीतरी बोलायचं होतं, पण दर वेळी काकवीच्या भावाबद्दल बोलला. शेवटी दारात, बूट घालता घालता म्हणाला, "पुरे कर आता. मला नको."

"पहिल्यांदा झालं," मी म्हटलं.

"खरंच नको."

"दुसऱ्यांदा."

मी हसत होते. तो वाकलेलाच राहिला, नाडी बांधायला एवढा वेळ लागतो का? मग सरळ झाला, माझ्या गालाला हात लावला आणि गेला. तिसऱ्यांदा काही म्हणाला नाही.

इस्फंद, १५

पंच्याहत्तर.

शिवणयंत्रावर बसल्या बसल्या डोळ्यांपुढे अंधार आला. एशरत खानमनी निदान केलं: अंगात थंड भरलंय. खडीसाखरेचा गरम चहा. खडीसाखर मी काढून ठेवली, चहा प्यायले. एक किलोसाठी सगळं घालवू?

इस्फंद, २०

आज हमदानला गेलो. मी, दादा आणि नूरुल्ला. सकाळी घरच्या काट्यावर त्र्याहत्तर आणि वर थोडं. एवढ्या आनंदात मी लग्नाच्या दिवशीही नव्हते. मिनीबसमध्ये दादा खिडकीकडे तोंड करून बसला होता.

डॉक्टर मोहतशमबाईंनी मला एकटीला आत घेतलं. मी आपणहून काट्यावर चढले आणि म्हटलं, "घ्या. चौदा पूर्ण."

त्यांनी काट्याकडे बघितलंच नाही. माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, हात उताणा करून तळवा बघितला, मग नखं. आणि मग विचारलं, "बर्फ खाता का?"

मला वाटलं यांना एशरत खानमचा फोन आला असणार.

"किती?" त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं. वहीत लिहिलं नव्हतं तेही सांगितलं. माशांच्या पेटीचंही.

"फरंगीस खानम, बर्फाने चरबी जळत नाही. आणि बर्फाने रक्तही कमी होत नाही. रक्त कमी झालं, अंगातलं लोह संपलं, की काही माणसांना असा बर्फ खावासा वाटतो. कधीपासून मांस बंद आहे? पाळी किती दिवस? चहा?" मी सांगत गेले आणि त्या लिहीत गेल्या. शेवटी पेन ठेवून म्हणाल्या, "पण एवढं वजन का उतरवलंत तुम्ही?"

"तुम्हीच सांगितलंत. चौदा किलो."

"मी सहा सांगितले होते."

मला ऐकू आलं, पण अर्थ लागेना.

"सहा. ब्याऐंशीवर आलात तर चालेल, घाई नाही, नीट जेवून उतरवा, असं तुमच्या भावाला सांगितलं होतं. चौदा कोणी सांगितले?"

रक्ताचा निकाल तासाभरात आला. बारा हवं तिथे साडेसात. बाई म्हणाल्या, आत्ता तुमच्याकडून नखसुद्धा घेणार नाही. सुईने लोह देणार, पाळीवर औषध, मांस, पालेभाजी, आणि जेवणानंतर दोन तास चहा नाही. पुढचं पुढे बघू.

परतीच्या मिनीबसमध्ये मी दादाच्या शेजारी बसले नाही.

इस्फंद, २२

आज त्याचा मशीनचा दिवस. मुद्दाम गेले. हाताला दोन सुया, चार तास, पळून जाता येत नाही.

खुर्चीसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "सहा."

त्याने डोळे मिटले.

"बहमनच्या अकराला मी एक्याऐंशी होते. त्या दिवशी तुला सांगितलं. टाळ्या वाजल्या इथे! तेव्हाच झालं होतं. त्यानंतर दीड महिना मी फ्रीजर खरवडत होते, दादा."

"हळू बोल."

"का? सगळ्यांना ऐकू दे. याने मला आठ किलो वर लावले. वाण्यानेसुद्धा असं माप मारलं नसतं!"

काझमकाका म्हणाले, "खानम, जरा बेतानं. इथे सगळ्यांचं ब्लडप्रेशर एका भिंतीला लावलंय." पण टीव्हीचा आवाज त्यांनीच बंद केला, ऐकायला.

दादा म्हणाला, "मला वाटलं तुला जमणार नाही. कधी जमलंय? गुरुवारी सोडून देशील असं वाटलं. मग तुझ्या मनाला लागणार नाही आणि मलाही नाही म्हणावं लागणार नाही."

"मग सरळ नाही म्हणायचं होतंस."

"दोनदा म्हटलं."

"तिसऱ्यांदा हो म्हणालास!"

"तिसऱ्यांदा सगळेच हो म्हणतात, फरंगीस. चहाला म्हणतात. तू रडत होतीस. काय म्हणणार होतो मी?"

"बासलूक. आबगुश्त. ते सगळं..."

"हो."

मी स्टुलावर बसले. उभं राहवत नव्हतं, रागाने नाही, साडेसातमुळे. तो छताकडे बघत बोलायला लागला. आई त्या दिवशी चालत आत गेली होती. त्याच्या हातात तिची पिशवी होती आणि पिशवीत माझा फ्रॉक, शिवायचा राहिलेला. दारात वळून ती त्याला म्हणाली होती, भात गॅसवरून उतरव, मी आलेच. "तूही अशीच चालत जाशील," दादा म्हणाला. "धडधाकट. माझ्यासाठी. आणि मी दुसऱ्या टेबलावर झोपलेला असेन, मला कळणारसुद्धा नाही."

मग म्हणाला, "आणि वाचवायला गेलो तर बघ काय करून बसलो. तुझी नखं मी बघितली होती. इस्फंदच्या सुरुवातीला सांगायला आलो होतो. लाज वाटली."

मला त्याला मारावंसं वाटत होतं. चादर धरून बसले. मशीन थांबेपर्यंत तिथेच होते, पण बोलले नाही.

इस्फंद, २९

उद्या नवरोज. घर आवरलं नाही. पहिल्यांदाच.

दादाला बोलावलं नाही. नूरुल्ला म्हणतात बोलाव. तराने काही म्हणत नाही, पण मी बर्फाकडे वळले की ती माझ्यासमोर परतलेल्या काळजाची ताटली ठेवते आणि मी संपवेपर्यंत उभी राहते.

एक गोष्ट या वहीतच लिहिता येईल. मावशीकडे त्या शुक्रवारी, चमचे थांबले तेव्हा, मला बरं वाटलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. फरंगीस, जी कधी काही पुरं करत नाही. पहिल्यांदा देऊ केलं तेव्हा तो नको म्हणेल हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच भात वाढता वाढता इतक्या सहज बोलले. दुसऱ्यांदाही ठाऊक होतं. तिसऱ्यांदा खरं होतं का? वाटतं की होतं. मी रडले होते. पण त्याला कसं कळावं? त्याला माझे तिन्ही शब्द एकाच आवाजात ऐकू आले. मला त्याचे तसेच.

एवढी वर्षं एकमेकांचे आग्रह करण्यात गेली आणि आम्ही एकमेकांना काही विचारलंच नाही.

फरवरदीन महिना, १७

रक्त दहा. सुया तीन झाल्या. जेवणानंतर दोन तास चहा नाही म्हणजे काय हे फक्त आमच्याकडच्या माणसालाच कळेल. एशरत खानम मला कुराणातली आयत ऐकवावी तशा घड्याळ वाचून दाखवतात.

आज सकाळी उठले आणि दुपारपर्यंत लक्षातच आलं नाही की बर्फाची आठवण झाली नव्हती.

फरवरदीन, २६

मशीनवर असताना दादाचं ब्लडप्रेशर एकदम खाली गेलं. नर्सने घरी फोन केला. मी पोहोचले तोवर शुद्धीवर आला होता, ओठ पांढरे. काझमकाका नेहमीसारखे बोलत नव्हते. मी दादाचे पाय चोळले. तो म्हणाला, "नवरोज मुबारक," पंचवीस दिवस उशिरा. मीही म्हणाले. एवढंच बोलणं झालं, पण झालं.

उर्दिबेहेश्त महिना, ३०

रक्त साडेबारा. वजन एक्याऐंशी, आणि ते जेवून. डॉक्टरबाईंचा फोन आला: हरकत नाही, आता पुढे जायचं असेल तर दोघांनी मिळून उद्या या. पण आधी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून विचारणार, एकमेकांसमोर नाही. मी हे दादाला कळवलं नाही. त्यांनी त्यालाही फोन केला होता.

दुपारी तो आला. चहा पुढे केला, तो "नको" म्हणाला आणि खरंच घेतला नाही. मी पुन्हा आग्रह केला नाही. दोघांनाही ते अवघड गेलं.

तो गालिच्यावर बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, मुलीकडच्यांकडे मागणी घालायला आल्यासारखा.

"फरंगीस, मी मागायला आलोय."

मी चहाचा पेला बाजूला सरकवला.

"मला तुझी किडनी पाहिजे. कोणी देतंय म्हणून नाही. मला पाहिजे. एकावन्न वर्षांचा आहे मी, आणि मला मरायचं नाहीय. सकाळी उठून घटाघटा पाणी प्यायचंय, न मोजता. त्या खुर्चीत मला शुद्ध नव्हती तेव्हा..." जन्मात पहिल्यांदा मी त्याला काही मागताना ऐकत होते. "तू नाही म्हण. म्हटलंस तर मी घरी जाईन आणि शुक्रवारी जेवायला येईन. पण मी मागितलं नाही असं व्हायला नको."

तेव्हा मला भीती वाटली. एवढे महिने वाटली नव्हती. तो नको म्हणत होता तोवर देणं सोपं होतं. आता तो समोर हात पसरून बसला होता आणि मला माझी कूस आतून जाणवली, ते टेबल, तो दिवा, आणि तराने बाहेरच्या बाकावर. मी त्याला तसंच सांगितलं. म्हटलं, "दादा, मला फार भीती वाटते."

"मलाही," तो म्हणाला. "आई गेली त्या दिवसापासून."

बाहेर एशरत खानम कोणाला तरी वांगी गरम की थंड हे समजावत होत्या. मग मी हो म्हटलं. तो उठला नाही, आभार मानले नाहीत, नुसता मान खाली घालून रडला, आणि मी त्याला रडू दिलं.

सकाळी सातची मिनीबस आहे. बाई आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत विचारतील. मी काय सांगणार ते मला माहीत आहे. तो काय सांगेल, तेही आज पहिल्यांदाच मला माहीत आहे.